धरणाच्या पाण्यातील पहिली नाव

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. एकातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, तर दुसऱ्यातून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. भात, नागली आणि वरी पिकविणाऱ्या या मुलखातील माणसाचा नावेशी पिढीजात संबंध नाही. ओढ्याला पूर आला की पलीकडच्या पाड्याचा संपर्क तुटतो, एवढीच त्याची पाण्याशी ओळख. येथे कोळी समाज मोठा आहे, परंतु तो डोंगरी महादेव कोळी समाज होय. वसई-वर्सोव्याच्या दर्यावर जाणाऱ्या कोळी बांधवांहून त्याचे जीवन निराळे आहे. नावाच्या साम्यावरून ‘कोळ्याला काय पोहायला शिकवायचे?’ असे म्हणणाऱ्याची येथे फसगत होते.

मोठे पाणी या भागात आले ते धरणांमुळे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर १९५७ मध्ये मोडकसागर, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे शहापूर तालुक्यात व त्याच्या सीमेवर उभी राहिली. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी मुरबाड तालुक्याच्या हद्दीत शिरले आणि उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आल्याने ते अधिकाधिक आत येत गेले. मुंबईच्या नळांना पाणी पुरविणाऱ्या याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे सर्वश्रुतच आहे. सांगावयाचा मुद्दा असा की, तानसा सोडले तर येथील विस्तीर्ण पाणी गावातल्या वृद्धांहून वयाने लहान आहे. किनाऱ्यावर नावेचे शहाणपण आजोबाकडून नातवाकडे जाते. येथे ते देणारा आजोबाच नाही, आणि म्हणून ते शिकूनच घ्यावे लागते.

अलीकडे शेतघरांचे मालक, कृषी पर्यटन केंद्रे चालविणारे शेतकरी आणि हौशी तरुण लहान नावा विकत घेऊ लागले आहेत. फायबरची वल्ह्यांची नाव, हवा भरलेली रबरी नाव, एकट्याने वल्हवावयाची अरुंद कयाक, क्वचित एखादे शीड, असे त्यांचे प्रकार आहेत. हौस चांगलीच आहे. परंतु दुकानदार नावेबरोबर पाण्याचे ज्ञान देत नाही.

प्रथम परवानगी

नाव विकत घेण्यापूर्वी ती कोणत्या पाण्यात घालावयाची याचा निर्णय झाला पाहिजे. जलाशय हा गावालगत असला तरी गावाच्या मालकीचा नसतो. तानसा, मोडकसागर व मध्य वैतरणा ही मुंबई महानगरपालिकेची, भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचे, तर बारवी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. तानसा परिसर अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाचाही अधिकार चालतो. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात हौसेची नाव हा हक्क होऊ शकत नाही. संबंधित यंत्रणेची लेखी संमती नसेल तर नाव काठावरच ठेवावी. इंजिनाच्या नावेतून गळणारे थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर पसरते, हे लक्षात घेता अशा ठिकाणी इंजिनाचा आग्रह मुळातच सोडून द्यावा. गावतळी, खाजगी शेततळी आणि जेथे रीतसर परवानगी मिळते ते जलाशय यांवर वल्हे किंवा शीड पुरेसे आहे.

जुना १९१७ चा अंतर्देशीय जलयान कायदा रद्द होऊन त्याजागी २०२१ चा नवा कायदा आला व २०२२ पासून तो अमलात आहे. यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी, तपासणी आणि चालकाची पात्रता यांबाबत त्यात तरतुदी आहेत. यंत्राविना चालणाऱ्या नावांपैकी कोणत्या प्रकारांची नोंद करावयाची हे ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला असून, या कामी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे जबाबदारी सोपविण्याचीही सोय कायद्यात आहे. पंचायत सदस्यांनी हा भाग अवश्य वाचून ठेवावा.

नाव कशी असावी

नवशिक्याने लांब व अरुंद नावेच्या मोहात पडू नये. रुंद आणि सपाट तळाची नाव वेगाला कमी असली तरी सहजी कलंडत नाही. नावेत किती माणसे बसवावीत याचा एक ठोकताळा असा की, नावेची लांबी व रुंदी फुटांत घेऊन त्यांच्या गुणाकाराला १५ ने भागावे. १२ फूट लांब व ५ फूट रुंद नावेत याप्रमाणे चार माणसे बसतात. हा हिशेब शांत पाण्याचा आहे. वारा असेल तर तीनच. माणसे बसल्यानंतर पाण्याची पातळी आणि नावेचा काठ यांत वीतभर तरी अंतर उरले पाहिजे. ज्या पातळीच्या वर पाणी येऊ द्यावयाचे नाही तेथे बाहेरून पांढऱ्या रंगाची ठळक रेघ मारून ठेवावी. ती बुडालेली दिसली की एक जण उतरला पाहिजे, मग तो सरपंच असो वा पाहुणा.

नावेत काय हवे याची यादी लांबलचक नाही: एक जादा वल्हे, पाणी उपसावयाचा डबा (तो नावेला दोरीने बांधलेला असावा, कारण नाव कलंडली की पहिला तोच वाहून जातो), पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर, शिटी, विजेरी आणि नांगर. शेतकऱ्याला नांगर हा शब्द ओळखीचा आहे, परंतु नावेचा नांगर जमिनीत रुततो तो वजनाने नव्हे, तर दोर लांब सोडल्याने. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. भातसा धरणाची उंची सुमारे ८८ मीटर आहे. अशा जलाशयात भिंतीच्या बाजूला नांगर टाकून नाव थांबेल अशी कल्पनाच करू नये.

जलाशय म्हणजे नदी नव्हे

समुद्रावर किंवा नदीवर नाव चालविलेला माणूससुद्धा धरणाच्या पाण्यात नवखाच असतो. या पाण्याखाली एक आख्खा प्रदेश बुडालेला आहे. झाडांचे खुंट, शेतांचे बांध, घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, जुने रस्ते हे सारे तेथेच आहे. सप्टेंबरमध्ये जलाशय भरलेला असतो तेव्हा नाव या सर्वांवरून बिनघोर जाते. पुढे महिन्या-महिन्याने पाणी उतरत जाते आणि जो खुंट दिवाळीत दोन मीटर खोल होता तोच होळीच्या सुमारास पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर येऊन उभा राहतो. दिसणाऱ्या खुंटापेक्षा हा न दिसणारा खुंट घातक होय. रबरी नाव त्यावर फाटते, फायबरची तडकते. बारवीसारख्या ठिकाणी, जेथे भिंतीची उंची नंतर वाढविण्यात आली, तेथे काठालगतची झाडी पाण्याखाली जाऊन फार काळ लोटलेला नाही. अशा कडेच्या पट्ट्यात विशेष जपून जावे.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तळाला गेले की ज्या भागात पुढे नाव चालवावयाची तो भाग पायी फिरून पाहावा. बुडालेल्या गावातील जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे. कोणाची विहीर कोठे होती, वडाचे झाड कोठे होते, हे तो बोटाने दाखवितो. कागदावर कच्चा नकाशा काढून त्यावर खुंट, कठडे आणि गाळाच्या जागा मांडाव्यात, आणि काठावरच्या कायम खुणा, म्हणजे देऊळ, विजेचा खांब, टेकडीचे टोक, यांच्याशी त्यांचा मेळ घालून ठेवावा. मात्र गाळावर चालताना सावध असावे. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो आणि माणूस गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत रुततो. हातात लांब काठी असावी आणि एकट्याने जाऊ नये.

धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी खेचून घेणारे मनोरे यांच्या जवळ नाव नेणे सर्वथा टाळावे. पृष्ठभाग शांत दिसत असताना खाली ओढ असू शकते. भिंतीच्या खालच्या अंगाला धोका वेगळ्या प्रकारचा आहे. बारवीला स्वयंचलित दरवाजे आहेत. ठराविक पातळी गाठली की ते उघडतात, कोणी माणूस येऊन सूचना देईलच असे नाही. पावसाळ्यात धरणाखालच्या नदीपात्रात नाव घालणे आणि पात्रातील खडकावर सहल करणे या दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या अविचाराच्या आहेत.

वाऱ्याचे वेळापत्रक

जलाशयावरील अपघात खोलीमुळे थोडे आणि वाऱ्यामुळे पुष्कळ होतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला लागला. दोन गावांमधील नेहमीची वाट, नेहमीचे पाणी. फरक होता तो वेळेचा आणि ऋतूचा.

मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी, तसेच परतीच्या पावसाच्या दिवसांत, सकाळ निवांत असते. दुपारनंतर ढग चढतात आणि पावसाच्या सरीआधी जोराचा वारा सुटतो. शहापूर-मुरबाडकडे त्यात डोंगराची भर पडते. खोऱ्याच्या तोंडातून वारा एखाद्या नळीतून यावा तसा येतो. टेकडीच्या आडोशाला पाणी आरशासारखे असते आणि तोच टेकडीचे टोक ओलांडताच नाव गरकन फिरते. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितकी लाट मोठी होते. म्हणून जलाशयाचा लांबट फाटा ज्या दिशेने पसरला असेल त्या दिशेने वारा वाहत असता मध्यभागी जाऊ नये.

वल्हविणाऱ्याने एक नियम पाळावा: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा साथ देतो. नवशिके नेमके उलट करतात. वाऱ्याबरोबर मजेत मैलभर जातात आणि परत फिरल्यावर त्यांना कळते की दोन तास वल्हवूनही काठ जवळ येत नाही. लाटा उठल्याच तर नावेची नाळ लाटेच्या दिशेने ठेवावी, किंचित तिरकी. आडवी लाट नावेला उलटविते. सर्वांनी बाकावरून उतरून तळाशी बसावे. जवळचा काठ गाठावा, मग तो आपल्या गावाचा असो वा नसो. गाडी, डबा आणि चपला पलीकडच्या काठावर आहेत एवढ्यासाठी पाणी ओलांडण्याचा हट्ट करू नये.

विजेबाबत साधा हिशेब पुरतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर नाव पाण्यावर नसावी. पसरलेल्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू नावेतील माणूस असतो, आणि शिडाच्या नावेत डोलकाठी.

शिडाविषयी थोडेसे

शीड लावणाऱ्याने दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. नाव सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी वळत तिला पुढे न्यावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, शीड ताणून धरणारा दोर हातात असावा, नावेला कायमचा बांधून टाकलेला नसावा. झोत आला की दोर सोडला म्हणजे शीड फडफडते आणि नाव सरळ होते. दोर बांधलेला असेल तर तेवढ्यात नाव कलंडलेली असते. डोंगराळ जलाशयात वारा क्षणोक्षणी दिशा बदलतो, म्हणून येथे शिडाची नाव हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम समजावा.

माणसे आणि तोल

केरळमधील थेक्कडीचा जलाशय १८९५ च्या धरणाने तयार झाला. पाण्यातून वर आलेले वठलेले खुंट ही त्याची ओळख आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेथे दुमजली पर्यटक नाव उलटून ४५ जणांचा बळी गेला. काठावरील वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि नाव कलली. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नाव उलटली आणि तीन विद्यार्थिनी दगावल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. तिन्ही ठिकाणी पाणी, नाव आणि माणसे वेगळी. परंतु उंचावर व एका बाजूला गेलेले वजन किंवा प्रमाणाबाहेर भरलेली नाव यांचे परिणाम सर्वत्र सारखे होतात.

नावेत चढताना एकेकाने, वाकून, मध्यभागी पाय ठेवावा. नाव सुटल्यावर कोणी उभे राहू नये. छायाचित्रासाठी बाजू बदलू नये. मद्यपान केलेल्यास नावेत घेऊ नये, हे सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. पण शेतघरावरील सहलींचे स्वरूप पाहता ते स्पष्ट सांगितलेले बरे.

शालेय सहलीत शिक्षकाने मुले मोजण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटे मोजावीत. जाकिटे कमी असतील तर फेऱ्या वाढवाव्यात, आणि मुलांच्या मापाची नसतील तर नावेतील फेरी रद्द करावी. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात वर निसटते आणि मूल खाली राहते. मुलाच्या जाकिटाला पायांमधून जाणारा पट्टा असणे आवश्यक आहे. प्रौढांसाठी १०० न्यूटन तरंगशक्तीचे, म्हणजे पाण्यात सुमारे दहा किलो भार उचलून धरणारे जाकीट असावे. ५० न्यूटनाचे जाकीट हे उत्तम पोहणाऱ्यासाठी काठालगतच्या वापराचे असते. जाकीट घेतल्यावर कंबरभर पाण्यात ते घालून, पाय उचलून, एकदा तपासावे. बसण्याच्या गादीसारखा त्याचा वापर केल्यास आतील फोम दबून निकामी होतो. जाकीट नावेत असून चालत नाही, अंगात असावे लागते, कारण नाव उलटल्यावर ते घालता येत नाही.

नाव उलटली तर

नाव उलटली तरी बहुधा बुडून तळाला जात नाही. तिला धरून राहावे. पाण्यावरून काठ आहे त्यापेक्षा जवळ भासतो, आणि ‘मी आत्ता पोहत जाऊन मदत आणतो’ म्हणून निघालेला माणूसच अनेकदा परत येत नाही. शिटी वाजवावी, वल्हे उंच धरून हलवावे.

काठावरील माणसांनी हे जाणून असावे की, बुडणारा मनुष्य क्वचितच ओरडतो. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होत असते. श्वास घेण्यापलीकडे त्याला सवड नसते. त्याच्यामागे उडी टाकण्यापूर्वी बांबू पुढे करावा, दोर फेकावा, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. नावेने जवळ गेल्यास त्याला पिछाडीकडून वर घ्यावे. बाजूने ओढल्यास दुसरी नावही कलंडते.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबणे किंवा पालथे घालून पाणी काढणे हे प्रकार खेड्यांत अद्याप दिसतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि उलटीचे पाणी फुप्फुसात शिरते. श्वास थांबला असेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडावाटे श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. तीस दाबांनंतर दोन श्वास, असे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. माणूस शुद्धीवर येऊन चहा मागू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. श्वासाचा त्रास काही तासांनंतरही उद्भवतो.

काठावरची वही

ज्या गावाच्या काठावरून परवानगीने नावा सुटतात तेथील ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. नाव कोणाची, किती माणसे गेली, कोठे गेली, केव्हा परतणार, एवढेच चार रकाने. परत आल्यावर सही. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात सही झाली नाही तर कोणाला कळवावयाचे त्यांचे क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावेत. ज्याच्या घरचे माणूस अंधार पडल्यावर आले नाही त्याला ते कोणत्या दिशेला गेले हेच ठाऊक नसते, आणि शोध सकाळपर्यंत लांबतो.

शिकण्याच्या सोयी आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात विद्यार्थ्यांना वल्हविणे व शीड हाताळणे शिकविले जाते. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षण आणि नौकाचालनाचे अभ्यासक्रम चालतात. पर्यटन केंद्र काढू पाहणाऱ्याने निदान एका तरुणाला तेथे पाठवावे. पाण्याची परंपरा नसलेल्या गावातील मुलांना हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व करणारे दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे. सैन्यात गेल्यानंतरच त्यांच्या हाती वल्हे आले.

नवीन नावमालकाने पहिले धडे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान गिरवावेत. त्या वेळी पाणी भरपूर असते, वारा मंद असतो आणि खुंट अजून खोल असतात. पहिले आठ-दहा दिवस काठापासून दगड फेकता येईल इतक्याच अंतरावर राहून नाव वळविणे, थांबविणे, मागे घेणे आणि कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करणे, एवढेच करावे.